एक ताट लिहिलेलं पिवळं कुपन

खानावळीच्या भिंतीचा पत्रा आत आला तेव्हा पिठल्याचं पातेलं शेगडीवरून घसरलं आणि भाकरी करणाऱ्या बाईच्या उजव्या पायावर सांडलं. ती ओरडली नाही. "आक्का, पाय भाजला," एवढंच म्हणाली आणि हातातली भाकरी तव्यावर टाकूनच बाजूला झाली. मी आधी गॅस बंद केला, मग माठातलं पाणी तिच्या पायावर ओतलं. बाहेरून माणसं पत्रा ढकलत होती. मुद्दाम नाही. मागचे पुढच्यांना ढकलत होते आणि पुढच्यांना पत्र्याशिवाय जायला जागा नव्हती. खिडकीतून पाच-सहा हात आत आले होते आणि प्रत्येक हातात पिवळी कुपनं होती. माझीच. मी छापून घेतलेली आणि मीच विकलेली.

"मावशी, पैसे द्या."

"आधी माझे द्या, मी कवापासनं उभा हाय."

"ओ मावशी, हिरवी काढली म्हणजे आमची गेली का? आम्ही काय येडे हाय का?"

पैसे नव्हते. डब्यात होते ते दुधाचे आणि सिलिंडरचे. बाहेर ज्याच्या त्याच्या हातात जेवढी कुपनं होती, त्यांचे पैसे मोजायला लागले असते तर पहिल्या दहा माणसांतच डबा संपला असता. अकराव्या माणसाला ते कळलं असतं की भांडी, पत्रे, पीठ, जे हाताला लागेल ते घेऊन लोक गेले असते. मी त्या माणसांना रोज जेवायला वाढत होते, त्यामुळे ती कशी आहेत हे मला माहीत होतं. वाईट नव्हती. पण घाबरलेली होती. त्या दुपारी माझी खानावळ राहते की जाते, एवढीच गोष्ट होती.

आता ही कुपनं आली कुठून ते सांगते.

माझा नवरा भोसरीला लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्यात होता. तो गेल्यावर मी भोसरीची खोली सोडली आणि चाकणच्या एमआयडीसीला लागून असलेल्या एका गावात आले. तिकडे नव्या कंपन्या येत होत्या आणि जेवायला धड काही मिळत नव्हतं, म्हणून आले. शिक्षण माझं चौथीपर्यंत. स्वयंपाक येत होता, हिशेब येत होता आणि लोकांना गप्प बसवता येत होतं. खानावळीला आणखी काही लागत नाही. भाकऱ्या करायला लातूरकडची एक बाई ठेवली. तिच्यासारख्या भाकऱ्या मला आजही जमत नाहीत.

सुरुवातीला मी महिन्याची मेस लावायचे. पोरं पहिल्या तारखेला पैसे द्यायची. पण ती सगळी ठेकेदाराकडची. कुणाला कधी ब्रेक देऊन घरी बसवतील, कुणाची शिफ्ट कधी बदलेल, कोण गावाला गेला तो परत येईल का, काही धरबंध नाही. पंधरा दिवस जेवला आणि काम सुटलं, तर उरलेल्या पंधरा दिवसांचे पैसे परत द्यायचे की नाही यावर दारात रोज भांडण. मी वैतागले. तळवड्याला एक छापखाना होता, तिथं जाऊन पिवळ्या जाड कागदाची कुपनं छापून घेतली. दहाचं एक पुडकं. पुडकं घ्या, जेवाल त्या दिवशी एक फाडून द्या. नाही आलात तर कुपन तुमच्या खिशात. भांडण बंद.

कुपनावर वर खानावळीचं नाव होतं आणि खाली मोठ्या अक्षरात 'एक ताट'. छापखानेवाला म्हणाला, "मावशी, किती रुपयाचं ते लिहा. सगळे लिहितात."

मी म्हटलं, "तुरीचा भाव माझ्या हातात आहे का?"

"नाही."

"मग रुपये कशाला लिहू? ताट माझ्या हातात आहे, ताट लिही."

हे पुढं फार कामाला आलं, पण तेव्हा मी काही पुढचं बघून बोलले नव्हते. कुणी दुसरीकडून छापून आणू नये म्हणून टूलरूममध्ये काम करणाऱ्या एका गिऱ्हाइकानं मला लोखंडी पंच करून दिला. हातोडीनं ठोकला की कुपनाला पिंपळाच्या पानाच्या आकाराचं भोक पडायचं. रोज दुपारी भांडी घासून झाली की मी ओट्यावर बसून कुपनं ठोकायचे. भोक नसलेलं कुपन मी घेत नसे.

मग कुपनं माझ्या खानावळीतून बाहेर पडली. आमच्या गल्लीत दाढी-कटिंगचं दुकान होतं. तो माझ्याकडेच जेवायचा. पोरं दाढी करून घ्यायची आणि सुटे नसले की त्याला कुपन द्यायची. तो ते माझ्याकडे देऊन जेवायचा. याच्यात माझं काही जात नव्हतं, मी लक्ष दिलं नाही. पण एक दिवस एक गॅरेजचा मेकॅनिक जेवायला आला, हात ऑइलनं काळे, आणि त्यानं पिवळं कुपन काढलं. मी त्याला कधीच पुडकं विकलं नव्हतं.

"कुठून आणलंस?"

"चाचांनी दिलं. पगारात."

चाचा म्हणजे कोपऱ्यावरचे किराणा दुकानदार, या पोराचे सख्खे चुलते. जुने चाकणचे. त्यांचं गॅरेजही होतं. मी हात पुसले आणि सरळ दुकानात गेले.

"चाचा, माझी कुपनं तुम्ही पगारात वाटता?"

"वाटतो की."

"कुणाला विचारून?"

"बाई, तुमच्या कुपनावर जेवण मिळतं का न्हाई?"

"मिळतं."

"मंग माझं काय चुकलं? सुट्ट्याच्या नावाखाली मी लोकांना चॉकलेटं देतो, लोक मला चॉकलेटंच परत आणून देतात. त्यापरीस तुमचं कुपन बरं. त्यानं निदान पोट तरी भरतं."

"आणि उद्या मी मेले तर?"

चाचांनी गुळाची ढेप फोडता फोडता मान वर केली. "तुमी? तुमी न्हाई मरत एवढ्यात."

तेव्हापासून गल्लीत माझी कुपनं चालायला लागली. कटिंगवाला घ्यायचा, चाचा घ्यायचे, चहाची टपरी घ्यायची. ताटाचा भाव मी दोनदा वाढवला, पण जुन्या कुपनावरही ताटच मिळायचं. पोरांना हे समजायला वेळ लागला नाही. भाव वाढणार असं वाटलं की ती आधीच चार पुडकी घेऊन ठेवायची. एकानं तर गावाला जाताना कुपनं कपाटात कुलूप लावून ठेवली होती. मी हसले होते त्याला.

माझ्याकडे दुपारी एक म्हातारे जेवायला यायचे. माझ्या नवऱ्याच्याच कंपनीत ते स्टोअरला होते, त्यामुळे मला वहिनी म्हणत आणि मी त्यांना भाऊजी. रिटायर झाले होते, तळवड्याला मुलाकडे राहत. मुलगा आणि सून दोघं माण गावातल्या आयटी कंपनीत, दुपारी घरात कुणी नाही. स्कूटर घेऊन भाकरी खायला एवढ्या लांब यायचे. त्यांना जुन्या नोटा जमवायचा नाद होता. रद्दीवाल्यांकडून, जुन्या पेट्या विकणाऱ्यांकडून कुठून कुठून आणायचे आणि मला दाखवायचे. मला त्यात काही कळत नसे, पण जेवणाऱ्या माणसाचं ऐकून घ्यावं लागतं.

एक दिवस त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून एक मोठा कागद काढला. रुमालाएवढा. एकाच बाजूला छापलेला, मागून कोरा. खाली कुणीतरी दौतीच्या शाईनं सही केलेली. मला वाटलं, जमिनीचा कागद असेल.

"वहिनी, ही नोट आहे."

"कुठल्या राज्याची?"

"राज्याची नाही, बँकेची. सरकार नोटा छापायला लागलं त्याच्या आधीची. तेव्हा त्या त्या भागातल्या खासगी बँका आपापल्या नोटा काढायच्या. या कागदावर लिहिलंय, जो कुणी हा घेऊन येईल त्याला आम्ही मागताक्षणी एवढे रुपये देऊ. लोक तो कागदच एकमेकांना देत फिरायचे."

"आणि रुपये द्यायला नसले तर?"

"तर बँक बुडायची. पुष्कळ बुडाल्या."

"ही बुडाली का?"

"बुडाली असणार. नाहीतर नोट माझ्याकडे कशी आली असती? ज्या बँकेनं पैसे दिले तिच्या नोटा तिच्याकडे परत गेल्या. तिनं फाडल्या नाहीतर जाळल्या. ज्या उरल्या त्या बहुतेक कुणाला तरी बुडवूनच उरल्यात."

त्यांना त्या नोटेचं कौतुक होतं. मला मात्र ती आवडली नाही. कुणीतरी ती घेऊन दारात उभं राहिलं असणार आणि त्याला हात हलवत परत पाठवलं असणार. असला कागद मी घरात ठेवला नसता. हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "तुम्हाला इतिहास कळत नाही वहिनी." मी म्हटलं, "आमटी घेता का अजून?"

त्याच वर्षी थंडीत नोटा बंद झाल्या.

आमच्या भागात काय झालं ते सांगते, बाकी देशाचं मला ठाऊक नाही. ठेकेदारांनी आपल्याकडच्या जुन्या नोटा पोरांच्या पगारात खपवल्या. पोरांना बँकेत जायला सुट्टी नाही, बऱ्याच जणांचं खातं गावाकडे. ती जुन्या नोटा घेऊन माझ्याकडे आली. मी चाकणच्या भुसार व्यापाऱ्याला विचारलं, तो म्हणाला, आणा, फक्त भाव जरा चढा लावीन. मी मनात ठरवलं आणि दारात सांगितलं की जुन्या नोटेची कुपनं मिळतील. पोरांनी होत्या नव्हत्या त्या नोटांची पुडकी घेतली. त्या नोटा मी तशाच व्यापाऱ्याकडे नेल्या आणि ज्वारी, गहू, तूर, तांदूळ भरून घेतले. ज्वारीची बरीच पोती गिरणीतून दळून आणली. झोपायच्या खोलीत पोती लावली. भाकरीवाली आणि मी पोत्यांच्या मधे झोपत होतो. ती म्हणाली, "आक्का, उंदरं आपल्या अंगावरनं जायला लागली." मी म्हटलं, "जाऊ दे, खोलीत नोटा असत्या तर उंदीरसुद्धा आला नसता."

माझ्याजवळ रोकड नव्हती, पण मी दिलेल्या प्रत्येक कुपनाच्या मागं धान्य होतं. ते मला माहीत होतं. लोकांना नव्हतं.

नंतर दोन हजारांच्या गुलाबी नोटा आल्या आणि त्यांचे सुटे कुणाकडेच नव्हते. मग तर गल्लीत माझ्या कुपनाशिवाय काही चालेना. चहा प्यायचा तर चौघांत मिळून एक कुपन. एका घरमालकानं खोलीच्या भाड्यात कुपनं घेतली आणि आपल्या बायकोला माहेरी पाठवून महिनाभर माझ्याकडे जेवला. बायको परत आली तेव्हा मला म्हणाली, "मावशी, तुम्ही माझी चांगली सोय केली."

अशात पुडकी संपली. मी तळवड्याला गेले. छापखानेवाला म्हणाला, पिवळा कागद नाही, ट्रकच येत नाहीत, हिरवा आहे. मला रंगाशी काय करायचंय? मी म्हटलं, हिरवा तर हिरवा. छापून आणली, पंच मारला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी विकायला लागले.

मी चूक काय केली, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही. कागद संपला, दुसरा घेतला. दुसऱ्या कुठल्याही वर्षी कुणी ढुंकून पाहिलं नसतं. पण त्या दिवसांत लोक एकच गोष्ट शिकले होते, की नव्या रंगाची आली म्हणजे जुनी गेली. कुणीतरी हिरव्या कुपनाचा फोटो मोबाइलवर काढला आणि सगळीकडे पाठवला. दुपारपर्यंत आजूबाजूच्या कंपन्यांतून बोललं जात होतं की मावशीनं पिवळी बंद केली. पहिली शिफ्ट सुटली तशा बसगाड्या भरून माणसं सरळ माझ्या दारात. आणि पत्रा आत आला.

भाकरीवालीच्या पायावर मी ओलं फडकं टाकलं. ती म्हणाली, "आक्का, मागल्या दारानं जाऊ या."

"कुठं?"

"कुठं बी. चाचाच्या दुकानात."

"आणि पोती काय डोक्यावर घेऊ?" मी म्हटलं. "तू बस इथं."

मागच्या दारानं गेले असते तर पुन्हा पुढच्या दारानं येता आलं नसतं. हे कळायला चौथी पुरते. मी पुढचं दार उघडलं. दोन्ही फळ्या. पुढची चार माणसं आत पडली, कारण ती दारालाच टेकून होती. मी भाजीचं कॅरेट उलटं केलं आणि त्यावर उभी राहिले. हातात आमटी वाढायचा डाव होता, तो खाली ठेवायचं राहून गेलं. लोक पुढं सांगायला लागले की मावशी डाव घेऊन अंगावर आली. तसं काही नव्हतं.

सगळ्यात पुढं जळगावकडचा एक वेल्डर होता, तोच जास्त ओरडत होता. मी त्याला म्हटलं, "तुझ्या हातातलं कुपन वाच. मोठ्यानं."

"वाचायचं काय त्यात?"

"वाच म्हटलं ना."

"एक ताट."

"पैसे लिहिलेत?"

"न्हाई."

"बंद झालं असं लिहिलंय?"

"न्हाई, पण हिरवी..."

"पिवळा कागद संपला म्हणून हिरवा आणला. उद्या निळा मिळाला तर निळा आणीन. भूक लागली का तुला?"

मागून कुणीतरी ओरडलं, "लागलीय, लागलीय."

"मग बस. ज्याला ताट पाहिजे त्यानं उजवीकडे रांग करा. ज्याला माझ्यावर भरवसा नाही त्यानं डावीकडे या, एका कुपनाला मापटंभर ज्वारीचं पीठ देते, घ्या आणि चालते व्हा. पैसे मी छापत नाही. ज्यांनी बंद केले त्यांना जाऊन मागा."

कुणीतरी हसलं. त्या हसण्यानं निम्मी गर्दी ढिली झाली. रांगेची सवय त्या महिन्यात सगळ्यांनाच लागली होती, त्यामुळे रांगा मात्र पटकन लागल्या. कटिंगवाल्यानं आपलं दुकान सोडून भाकरीवालीला गाडीवर मागं बसवलं आणि दवाखान्यात नेलं. जाताना ती मला म्हणाली, "पीठ चाळून द्या, न्हाईतर नावं ठेवतील." पाय भाजलेला, आणि हिला चाळणीची पडलेली.

मग मी भाकऱ्या करायला बसले. पिठलं जमिनीवर सांडलं होतं, म्हणून डाळ टाकली आणि ठेचा वाटला. माझ्या भाकऱ्या जाड होतात. तशाच खाल्ल्या सगळ्यांनी. पीठ मोजायला मी त्या जळगावच्या वेल्डरलाच बसवलं, कारण ओरडणाऱ्या माणसाला काम दिलं की तो ओरडत नाही. तो फार काटेकोर निघाला. मापटं भरून वरून हात फिरवायचा आणि दोन वेळा मागणाऱ्याला माझ्यापेक्षा जोरात हाकलायचा.

तरीही डावीकडची रांग लांब होती आणि सरत नव्हती. पोत्यांचा मला अंदाज होता. ताटं जेवली तर धान्य पुरलं असतं, कारण माणूस एका वेळी एकच ताट खातो. पण पिठाला तशी अडकाठी नाही. माणूस खिशातली सगळी कुपनं एकदम देतो. संध्याकाळपर्यंत असंच चाललं तर पोती रिकामी, आणि मग उजवीकडच्या रांगेला मी काय वाढणार?

तेवढ्यात चाचा आले. काखेत बिस्किटांचा पत्र्याचा डबा. त्या डब्यात काय आहे हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. सगळ्यात जास्त पिवळी कुपनं त्यांच्याकडेच होती. लोकांनी त्यांना वाट दिली. वेल्डरनं मापटं हातात धरून ठेवलं. तेव्हा मात्र मी घाबरले. चाचा डावीकडे गेले असते तर एकट्यानंच उरलेली पोती नेली असती, आणि ते पाहून बाकीच्यांनी भांडी नेली असती. तो त्यांचा हक्क होता. मी नाही म्हणू शकले नसते.

"बाई, पिवळं चालतंय?"

"चालतंय."

"मंग ताट लावा."

त्यांनी डब्यातून एक कुपन काढलं, माझ्यापुढं ठेवलं, डबा बंद करून मांडीखाली घेतला आणि जेवायला बसले. सगळी गल्ली त्यांच्या तोंडाकडे बघत होती. चाचांनी पहिला घास खाल्ला आणि म्हणाले, "भाकरी करपलीय."

"करणारी दवाखान्यात आहे."

"ते दिसतंयच."

सगळी भाकरी खाल्ली त्यांनी. ठेचा परत मागितला. डावीकडच्या रांगेतले काही जण उजवीकडे आले, काही घरी गेले. पीठ नेणारे थोडे उरले. दुसऱ्या दिवशी मी चाचांना म्हटलं, तुम्ही माझी लाज राखलीत. ते म्हणाले, "तुमची कशाला? तुमी बुडाला असता तर माझा डबा रद्दीत गेला असता. पिठाची पोती माझ्याकडं नेऊन तरी काय, खाणारी उंदरं तुमची आणि माझी एकच." मला हे उत्तर आवडलं. उगाच उपकार केल्यासारखं बोलले असते तर मला आयुष्यभर ओझं झालं असतं.

खरी गंमत दुसऱ्या दिवशी सकाळी झाली. एक पोरगा पिठाची पिशवी घेऊन दारात उभा.

"काय रे?"

"मावशी, हे पीठ."

"दिसतंय. मग?"

"खोलीवर शेगडी न्हाई. मालक ठेवू देत न्हाई."

"मग काल नेलंस कशाला?"

त्यानं मान खाली घातली. "सगळे नेत व्हते म्हणून."

त्याच्या मागं आणखी तिघं उभे होते, तशाच पिशव्या घेऊन. एकानं शर्टात बांधून आणलं होतं. एकाच्या पिठाला साबणाच्या पावडरीचा वास येत होता, ते मी परत पाठवलं आणि सांगितलं, याची भाकरी तूच खा. बाकीच्यांचं पीठ मी मापट्यानं मोजून घेतलं आणि आदल्या दिवशी जमा झालेली पिवळी कुपनं त्यांची त्यांना परत दिली. मागची पाणी तापवायची चूल पेटवायला ती बाजूला काढून ठेवली होती, म्हणून बरं. तीच कुपनं, तेच पानाचं भोक. चार दिवस पीठ येत राहिलं. आठवड्यानं गल्लीत पिवळं आणि हिरवं दोन्ही सारखंच चालत होतं आणि चहाच्या टपरीवर कुणी रंग बघत नव्हतं.

पुढं फोनवर पैसे द्यायचं आलं आणि कुपनाची गरजच संपली. माझ्याकडे आता भिंतीला तो चौकोनी काळा-पांढरा छाप चिकटवलेला आहे. पैसे आले की डब्यासारखी एक वस्तू बोलते. पोरं आली की ती बोलते, मी वाढते. पिवळी कुपनं मात्र वर्षभर येत राहिली, कुणाच्या पाकिटातून, कुणाच्या गावाकडच्या पेटीतून. आलेलं प्रत्येक कुपन मी जेवण वाढून घेतलं आणि चुलीत घातलं. चाचांचा डबाही हळूहळू रिकामा झाला. रिकामा डबा त्यांनी मला दिला, त्यात मी लाल मिरच्या ठेवते.

शेवटचं कुपन भाऊजींकडे निघालं. ते स्टोअरवाले म्हातारे. जेवून झाल्यावर त्यांनी पिशवीतून काढून दाखवलं. कडा मऊ झालेल्या, पण पानाचं भोक नीट.

"वहिनी, हे मी माझ्या फाइलीत ठेवणार आहे. त्या मोठ्या नोटेच्या शेजारी. तुमचीही बँकच होती की."

"ठेवायचं नाही," मी म्हटलं.

"अहो, आठवण म्हणून."

"त्यावर एक ताट लिहिलंय. तुम्ही फाइलीत ठेवलंत तर माझ्याकडे एक ताट बाकी राहील. त्या बुडव्याच्या शेजारी मला बसवू नका."

"मी आत्ताच जेवलोय."

"मग उद्या या."

दुसऱ्या दिवशी आले. जरा फुगूनच बसले होते. भाकरीवालीनं त्यांना गरम भाकरी वाढली. मी कुपन घेतलं, त्यांच्यासमोर चुलीत टाकलं. मेथीची भाजी होती, ती त्यांना आवडते. दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि म्हणाले, "तुम्हाला इतिहास कळत नाही वहिनी."

एकही पिवळं कुपन आता उरलेलं नाही. चाचांचं दुकान आहे, पुतणे बघतात, पण चाचा रोज गल्ल्यावर बसतात. भाकरीवालीच्या उजव्या पायावर डाग आहे आणि ती आत, माझ्यामागे, भाकऱ्या थापते आहे. खानावळ चालू आहे. मी दारात बसलेली असते.